तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या गाडीला कुठला बल्ब टाकू?

"स्प्लेंडर आहे जुनी, रात्री काय दिसतच नाही, कुठला एलईडी टाकू?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत पण विचारलाय लोकांनी. मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या लोकांच्या गाड्यांचं वायरिंग बघतो, त्यामुळं विचारणारे बरेच. पण गंमत अशी की विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, एलईडी टाकायचाच आहे, माझ्याकडून फक्त कंपनीचं नाव पाहिजे. आणि मी उलटा विचारतो, लाईट कमी कधी पडतो? गाडी उभी असताना, का पळताना पण? मग समोरचा नाराज होतो. तरी सविस्तर लिहितोच एकदा, म्हणजे पुढच्या वेळी हेच पाठवता येईल.

आधी एक तपासणी करा, त्याला पैसे लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून किल्ली ऑन करा आणि हेडलाइटचं बटण दाबा. पेटला तर तुमचा लाईट बॅटरीवर आहे, म्हणजे डीसी. नाही पेटला आणि गाडी चालू केल्यावरच पेटला, तर तो थेट कॉइलवर, म्हणजे इंजिन फिरलं की वीज बनवणाऱ्या तारेच्या गुंडाळीवर आहे, एसी. जुन्या स्प्लेंडर, पॅशन, आरएक्स हंड्रेड या सगळ्या कॉइलवाल्या. म्हणून तर सिग्नलला थांबलं की लाईट मिणमिण करतो आणि रेस केली की वाढतो, तो काय बिघाड नाही, गाडी बनवलीच तशी आहे. खड्ड्यात गाडी हळू केली की नेमका तिथंच उजेड कमी होतो हे मात्र खरं आणि त्याचा राग येणं पण बरोबर आहे.

पण पळताना पण लाईट पिवळट आणि मेलेला असेल, तर बल्बला शिव्या द्यायच्या आधी बल्बपर्यंत काय पोचतंय ते बघायला पाहिजे. हॅलोजनचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर प्रकाश दहा टक्के कमी होत नाही, जवळजवळ तीस टक्के कमी होतो. म्हणजे बारा व्होल्टच्या जागी पावणेअकरा मिळाले की बल्ब नवाकोरा असून पण एक तृतीयांश उजेड गेलाच समजा. आणि वीस वर्षं जुन्या वायरिंगमध्ये सव्वा व्होल्ट कुठं गायब होतो हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

डूम, म्हणजे काच आणि रिफ्लेक्टरचा हेडलाइटचा डबा, उघडा. मागं बल्बचं तीन पिनांचं कनेक्टर असतं, होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये त्यात पांढरी वायर डिप्परची म्हणजे जवळच्या उजेडाची, निळी अप्परची म्हणजे लांबच्या उजेडाची आणि हिरवी अर्थिंगची. कनेक्टर ओढून काढा आणि उजेडात धरून आत बघा. मी बघितलेल्या जुन्या गाड्यांत बहुतेक वेळा एक तरी पिन अशी असते की तिच्याभोवतीचं प्लास्टिक चहाच्या रंगाचं झालेलं असतं, आणि ती नेमकी हिरव्या वायरची असते. कारण अप्पर लावा नाहीतर डिप्पर, करंट परत जातो हिरव्यातूनच. आत तांब्यावर हिरवट पावडर बसलेली असते, पिन ढिली झालेली असते, ढिली पिन गरम होते, गरम झाली की अजून ढिली होते. पेट्रोलमध्ये बुडवलेला जुना दातघासणीचा ब्रश, थोडा बारीक पॉलिश पेपर, आणि पक्कडीनं पिनचं तोंड हलकं दाबायचं, एवढंच काम. प्लास्टिक वितळलेलं असेल तर सरळ नवीन होल्डर टाका, सिरॅमिकचा मिळाला तर उत्तम. कनेक्टर पूर्ण सुकल्याशिवाय आणि पेट्रोलचा वास गेल्याशिवाय किल्ली फिरवू नका, हे सांगायची गरज नसावी, तरी सांगतो.

नंतर त्या हिरव्या वायरला जोडून एक वेगळी जाड वायर काढायची आणि फ्रेमच्या एखाद्या बोल्टखाली, रंग खरवडून, घट्ट आवळायची. इतक्या साध्या कामानं लाईट सुधारतो की लोकांना वाटतं मी गुपचूप बल्ब बदलला.

व्होल्टेज मोजायचा मीटर (मल्टिमीटर) असेल तर अजून चांगलं, पण कॉइलवाल्या गाडीला मीटर एसीवर ठेवा. बरेच जण डीसीवर ठेवतात, मग आकडा काहीतरी भलताच येतो आणि कॉइल गेली म्हणून नवी कॉइल गळ्यात मारून घेतात. या गाड्यांचा एसी घरातल्यासारखा स्वच्छ नसतो, व्होल्टेज जास्त वाढू न देणारा रेग्युलेटर त्याला मधेच कापतो, त्यामुळं साध्या मीटरचा आकडा अंदाजेच धरायचा. पण तुलना करता येते. लाईट चालू ठेवून एक प्रोब कनेक्टरच्या हिरव्या वायरला आणि दुसरा इंजिनच्या उघड्या धातूला लावा, जवळजवळ शून्य यायला पाहिजे, अर्धा व्होल्ट दिसला तरी अर्थिंग खराब. तसंच एक प्रोब हँडलवरच्या स्विचच्या अलीकडे आणि एक पलीकडे लावून बघा. डिप्परचा स्विच पावसाळे खाऊन खाऊन आतून काळा पडलेला असतो, त्याच्यावर पण बराच व्होल्टेज खर्ची पडतो.

आता डूम. बल्ब काढलाच आहे तर भोकातून आत रिफ्लेक्टर बघा. चांदी चकचकीत असेल तर ठीक, धुरकट किंवा सोलवटलेली असेल तर तिथं सूर्य आणून ठेवला तरी रस्त्यावर काही पडणार नाही. आणि तो पुसायचा मोह आवरा. आतली चकाकी म्हणजे अगदी पातळ थर असतो, कापडानं एकदा पुसला की निघून येतो. धूळ असली तर हवा मारा, फारच झालं तर डिस्टिल्ड वॉटरनं खळबळून उलटा वाळवा. मागचं रबर फाटलेलं असेल तर ते आधी बदला, धूळ आणि ओल तिथूनच शिरते, कोकणातल्या गाड्यांचं तर विचारू नका. डूम बदलायचाच झाला तर कंपनीचाच घ्या. लोकल डूम दिसायला सेम टू सेम असतो पण रिफ्लेक्टरचा आकार जरा इकडचा तिकडं झाला की फोकस फुटतो, उजेड झाडावर पण पडतो, घरावर पण पडतो, रस्ता सोडून सगळीकडं. माझं मत विचाराल तर पैसे डूमला घाला, बल्बला नको.

बल्ब. तो उडायची वाट बघू नका, काच आतून काळसर झाली असेल तर बदला, साधा चांगल्या कंपनीचा हॅलोजन फार महाग नाही. जुना बल्ब दुकानात घेऊन जा, कारण गाडीचं नाव सांगून उपयोग नाही, मॉडेल बदललं की बूड बदलतं. या छोट्या गाड्यांना 35/35 वॅटचा असतो, कुणाला तीन पायांचा एचएस वन, कुणाला बारीक बुडाचा. एचएस वन आणि एच फोर लांबून भावाभावांसारखे दिसतात, पण एच फोर 60/55 वॅटचा. त्याचं बूड घासून एचएस वनच्या जागी बसवणारे महाभाग आहेत. 35 वॅटला साधारण तीन अँपिअर लागतात, 60 ला पाच. तुमची कॉइल मुळात तीनच्या हिशोबानं गुंडाळलेली, ती पाच आणणार कुठून? व्होल्टेज खाली बसतं आणि मोठा बल्ब टाकून लाईट आधीपेक्षा कमी होतो. आणि निळसर काचेचे बल्ब अजिबात घेऊ नका, ती निळी काच प्रकाश अडवूनच तो रंग दाखवते, म्हणजे पैसे देऊन अंधार घ्यायचा. नवीन बल्बच्या काचेला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच तर स्पिरिटनं पुसून टाका.

बुलेटवाले वेगळे. लाईट बॅटरीवर असेल आणि एच फोर असेल तर रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) टाका, हे एकच अपग्रेड मी डोळे झाकून सांगतो. बॅटरीवरून फ्यूज लावून जाड वायर रिलेच्या 30 नंबरला, 87 वरून बल्बला, आणि जुनी स्विचची वायर फक्त 86 ला रिले चालू करण्यापुरती, 85 अर्थला. अप्परला एक, डिप्परला एक असे दोन रिले. मग स्विचवर लोड राहात नाही आणि बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळतं. 100/90 चा बल्ब मात्र नको, होल्डर वितळतो आणि समोरचा माणूस आंधळा होतो.

समोरच्या माणसावरून आठवलं. आमच्याकडं ऊसाचा हंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात, मागं ना लाल दिवा ना रेडियम, उसाच्या शेंड्यांचा, वाड्यांचा नुसता काळा ढीग हलत असतो. तो दिसायला उजेड पाहिजे हे बरोबर. पण त्याच वेळी समोरून येणाऱ्यानं अप्पर ठेवला असेल तर तुमच्याकडं कितीही वॅट असले तरी ती ट्रॉली दिसत नाही, डोळे सावरायला वेळ लागतो आणि साठच्या स्पीडला गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर पुढं जाते. पूर्वी गाड्यांच्या हेडलाइटवर वरच्या बाजूला काळा रंग नाहीतर काळा टिपका असायचा, आठवतंय का? ते यासाठीच. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पण आहे की लाईट कायम खाली वळलेला नाहीतर खाली वळवता येणारा पाहिजे, आठ मीटरवर दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला चमकता कामा नये.

म्हणून सेटिंग. सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर गाडी लावा, स्टँडवर नाही, कुणीतरी वर बसून सरळ धरायची, चाकात हवा बरोबर. बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूची रेघ मारा. डिप्परच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली आली पाहिजे. डबलसीट जात असाल तर दोघं बसून बघा, मागं वजन आलं की पुढचा फोकस आभाळात जातो. "लाईट कमी आहे" म्हणणाऱ्या कितीतरी गाड्यांचा लाईट कमी नसतो, तो नारळाच्या झाडाच्या शेंड्यावर पडत असतो.

एवढं सगळं करून पण एलईडीच पाहिजे असेल, तर ठीक आहे, मी काय एलईडीचा वैरी नाही. नव्या गाड्यांना कंपनीतूनच एलईडी येतो तो छानच असतो, पण तिथं रिफ्लेक्टर त्या एलईडीसाठी बनवलेला असतो. तुमचा रिफ्लेक्टर एका बारीक तारेसाठी बनवलाय, ती तार ठराविक जागी असते म्हणून उजेड ठराविक जागी पडतो. एच फोर आणि एचएस वनमध्ये डिप्परच्या तारेखाली छोटी पत्र्याची वाटी पण असते, खालच्या बाजूचा उजेड अडवायला, त्यामुळंच वरची कड स्वच्छ कापली जाते. स्वस्त एलईडीत ना तार त्या जागी ना वाटी, चारी बाजूंनी चिप. गाडीच्या पुढं दहा फूट पांढराशुभ्र गालिचा आणि पुढं काळोख, आणि त्या पांढऱ्यामुळं चालवणाऱ्याला वाटतं काय लाईट आहे! पावसात तर ओल्या डांबरावर मला तरी पिवळाच बरा वाटतो.

शिवाय कॉइलवाल्या गाडीत साधा एलईडी फडफडतो. काही वायरमन सांगतात सगळं डीसी करून देतो. होतं ते, पण त्याला कॉइलचं अर्थिंग सोडवायला लागतं, रेग्युलेटर बदलायला लागतो, नुसती वायर बॅटरीला जोडून चालत नाही. किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी अडीच एएचची (अँपिअर-तासाची), तिच्यावर नुसता 35 वॅटचा बल्ब लावला तर ती तासभर पण टिकणार नाही.

तर घ्यायचाच असेल तर असा घ्या: एसी आणि डीसी दोन्हीवर चालतो असं पाकिटावर लिहिलेला, चिपची पट्टी बारीक आणि जुन्या तारेच्याच जागी असलेला, अप्पर-डिप्परला वेगवेगळी चिप असलेला, आणि मागचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) रबरात मावेल एवढा. पंखावाला शक्यतो नको, आपल्या धुळीत पंखा आधी मरतो मग बल्ब. बसवल्यावर परत भिंतीसमोर उभा करा, खडूची रेघ आहेच, वरची कड पुसट झाली किंवा रेघेच्या वर उजेड सांडला तर काढून टाका. जुना हॅलोजन फेकू नका, कापडात गुंडाळून साईड कव्हरच्या आत राहू दे. आणि दुकानदाराला घेतानाच सांगून ठेवा, भिंतीवर बघणार, नाही पटलं तर परत आणणार. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा, पुण्यात नाना पेठेत काय दुकानांची टंचाई नाही.