खालचा चार बोटांचा भाग

बाथरूमच्या दाराची पट्टी खालून फुगली आहे, पाण्याला टिकणारा माल म्हणून घेतली होती, एवढंच काकू फोनवर म्हणाल्या. काम दुसऱ्या कुणीतरी केलेलं. जाऊन पाहिलं तर वर नाव ठेवायला जागा नव्हती. सांधे घट्ट, रंग गुळगुळीत. फरशीपासून चार बोटं मात्र पट्टी पार फुगलेली, रंगाचे पोपडे सुटलेले, पटाशी टेकवली की भुगा.

पट्टी उचकटली. गाभा हिरवा निघाला, म्हणजे माल खरोखर ओलावारोधक एमडीएफच होता, लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड. पण तो हिरवा रंग फक्त ओळखीपुरता असतो. असा बोर्ड हवेतल्या दमटपणाला टिकतो, साचलेल्या पाण्यात उभा राहत नाही. हे विकताना कुणी सांगत नाही याची मला खरंच चीड येते. त्यात पट्टी थेट फरशीवर टेकवलेली आणि कापलेलं टोक उघडंच! दर्शनी बाजूला रंगाचे थरावर थर, आणि पाणी जिथून शिरतं तिथे ना प्रायमर ना सिलिकॉन. मागे भिंतीवर काळी बुरशी धरलेली.

"आता सागवानच लावा, दादा. लाकूड ते लाकूड."

साग टिकाऊ खराच. पण कोणतंही लाकूड टोकातून पाणी वर ओढतं. आतला ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर ते सहसा कुजत नाही, आणि ओल्या फरशीवर टेकलेलं टोक तेवढं कोरडं राहणं कठीण. सांगत बसण्यापेक्षा एमडीएफ, साग आणि पीव्हीसी फोम म्हणजे हलक्या प्लास्टिक बोर्डाचा एकेक तुकडा बादलीत दोन बोटं पाण्यात उभा केला आणि कामाला लागलो. संध्याकाळी एमडीएफचं टोक फुगलं होतं, सागावर ओल पाण्याच्या वर चढली होती, पीव्हीसी पुसला तर होता तसाच. काकू तिन्ही तुकडे बराच वेळ चाचपत होत्या.

"मग खाली दगड आणि वर साग, असं जमेल का?"

बाहेरच्या बाजूला नक्की जमेल. पायथ्याला ग्रॅनाइटचा ठोकळा आणि त्यावर एपॉक्सीने टोक बंद केलेला साग, हे मला मनापासून पटलं. आत जिथे शिंतोडे उडतात तिथे मात्र सगळी पीव्हीसीच, स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने. तीही दोन्हीकडून आवळायची नाही. २.४ मीटरची पट्टी तापमानातल्या २० अंशांच्या फरकाने जवळपास ३ मिलिमीटर वाढते. तेवढी फट सोडून सिलिकॉन भरायचं.

काकूंना त्याच दिवशी काम उरकून हवं होतं. मी नाही म्हणालो. ओल्या भिंतीवर पीव्हीसी ठोकली तर ओल आतच कोंडते आणि मागची लाकडी चौकट सडते. बुरशी घासून काढली, पंखा लावून दिला आणि भिंत वाळली की मीटरने ओल मोजायला येतो म्हणून सांगितलं.