केरी, 87 अब्ज आणि शुऐबाचं गोदाम

2004 मध्ये मी कुवेतला, शुऐबा बंदराजवळच्या एका गोदामात स्टोअरकीपर होतो. माल सगळा अमेरिकन कॅम्पांचा. पाण्याच्या बाटल्या, फ्रोझन चिकन, कागदी प्लेटा, टॉयलेट रोल. थोडा आरिफजानच्या कॅम्पला जायचा, बाकीचा ट्रेलरवर चढून अब्दलीच्या नाक्यावरून इराकमध्ये. युद्ध चालू तोवर पगार चालू. हर्णैच्या आमच्या घराचा स्लॅब त्याच पैशांतून टाकलाय. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला शांतिदूत समजायचा.

तर त्या वर्षीची अमेरिकेची निवडणूक आमच्या खोलीत बारकाईने पाहिली जायची. बुश परत आले तर काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. घोळ होता समोरच्या डेमोक्रॅटिक पक्षाचा आणि त्याचे उमेदवार जॉन केरी यांचा. हा पक्ष युद्धाच्या विरोधात आहे की नाही, हेच कळेना. राजापूरचे एक चाचा आमच्यात सर्वांत जुने. ते म्हणायचे, "तो केरी आला तर आपण घरी जायचं की ओव्हरटाइम करायचा, तेवढं सांगा. बाकी इंग्रजी तुमच्याजवळ ठेवा."

सांगणार काय? ऑक्टोबर 2002 मध्ये इराकवर कारवाईचा अधिकार बुशना द्यायचा ठराव आला, तेव्हाच हा पक्ष दुभंगला होता. सिनेटमध्ये त्यांचे 29 जण बाजूने, 21 विरोधात. खालच्या सभागृहात 81 बाजूने, 126 विरोधात. केरी बाजूने. त्यांच्या जोडीला उपाध्यक्षपदासाठी घेतलेले एडवर्ड्स, तेही बाजूने. वर्षभराने युद्धासाठी 87 अब्ज डॉलर मागितले गेले, तेव्हा दोघांनी विरोधात मत दिलं. मार्च 2004 मध्ये वेस्ट व्हर्जिनियात कुणीतरी याबद्दल छेडलं, तर केरी म्हणाले की त्या 87 अब्जांच्या बाजूने मी खरं तर मत दिलं होतं, विरोधात दिलं ते त्यानंतर.

झालं. विरोधकांना वर्षभराची जाहिरात फुकटात मिळाली.

यातली गंमत अशी की केरी खोटं बोलत नव्हते. श्रीमंतांची करसवलत कमी करून तो पैसा उभा करावा, अशी दुरुस्ती आधी मांडली होती. तिला त्यांनी पाठिंबा दिला. ती पडली, म्हणून मूळ प्रस्तावाला विरोध. पण हे सांगायला पाच मिनिटं लागतात आणि टीव्हीवर मिळतात दहा सेकंद. जुलैत बोस्टनच्या अधिवेशनात बहुतेक प्रतिनिधी युद्धाला विटलेले, आणि व्यासपीठावर उमेदवार सॅल्यूट ठोकून 'ड्यूटीवर हजर आहे' म्हणतोय. ऑगस्टमध्ये म्हणाले, आज जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तरी अधिकार द्यायला मत दिलंच असतं. सप्टेंबरात तेच युद्ध चुकीचं, चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी. चाचांनी हात टेकले.

त्याच जुलैत कुवेतच्या एका वाहतूक कंपनीचे सात ट्रकचालक इराकमध्ये पळवले गेले. तिघे आपले, हिमाचल-पंजाबचे. 1 सप्टेंबरला सुटले तोवर आमच्या लोडिंग बेवर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. नोकरी टिकावी असं वाटायचं आणि ट्रेलर पलीकडे जाऊ नये असंही वाटायचं, एकाच डोक्यात दोन्ही. म्हणून केरींची टिंगल मला कधी मनापासून करता आली नाही.

ऑक्टोबरात सुट्टीवर घरी आलो. भातकापणी चालू होती आणि 13 तारखेला आपल्या विधानसभेचं मतदान. रिक्षावरचा भोंगा शेतीला मोफत विजेचं ओरडत फिरायचा. आमची शेती पावसावर, पण तो ओरडायचा. पडवीत बसून अब्बांना मी बुश यांच्या प्रचाराची एक जाहिरात सांगितली. केरी शिडाच्या फळीवर उभे राहून समुद्रात फिरतायत, फळी कधी या बाजूला वळते, कधी त्या. बघा, हा माणूस वारा येईल तसा फिरतो, असं म्हणायचं होतं त्यांना.

अब्बा आयुष्यभर तांडेल. ते हसलेच. "ही जाहिरात करणारा होडीत बसला नाय कधी. वारा तोंडावर असला तर सरळ जाऊन दाखव म्हणावं. शीड इकडून तिकडे फिरवत, तिरपंच जावं लागतं." मग विडी पेटवत म्हणाले, "पण कुठल्या बंदराला जायचंय, ते सांगितलं का त्याने?"

सांगितलं होतं तसं. मित्रदेशांची परिषद, इराकी सैन्याला प्रशिक्षण, चार वर्षांत आपलं सैन्य माघारी. पण फ्रान्स-जर्मनी सैन्य पाठवणार नाहीत हे आमच्या मेसमधल्या पोऱ्यालाही कळत होतं. युद्ध नको म्हणणारे आणि युद्ध नीट चालवा म्हणणारे, दोघांचीही मतं पक्षाला हवी होती. बंदर दोन आणि होडी एक, असा तो मामला.

आणि सरळ बोलणाऱ्याचं काय? 30 सप्टेंबरच्या वादविवादात बुश सारखे ऐकवत होते, उलटसुलट संदेश देऊन नेतृत्व करता येत नाही. आठवडाभरात, 6 ऑक्टोबरला, त्यांच्याच सरकारने नेमलेल्या शोधपथकाचा अहवाल आला की इराकमध्ये महासंहारक शस्त्रांचे साठे नव्हते. ज्यासाठी युद्ध केलं तेच नव्हतं. पण सांगणाऱ्याचा सूर शेवटपर्यंत बदलला नाही आणि लोकांना तो सूर पुरला. मला याचा राग आजही येतो, केरींच्या गोंधळापेक्षा जास्त.

रमजान तोंडावर असताना परत गेलो. सुट्टी वाढवून मिळाली नाही. 3 नोव्हेंबरला सहेरीला उठलो तेव्हा मोजणी चालू होती. दुपारपर्यंत सगळं ओहायो राज्यावर अडलेलं. इफ्तार आटोपून रात्री टीव्ही लावला तर केरींनी हार मान्य केलेली. शेवटी निर्वाचक मतं बुश 286, केरी 251.

खोलीतल्या मलबाऱ्याने चहा केला. कॉन्ट्रॅक्ट वाढणार हे सगळ्यांनाच कळलं होतं, तरी कुणी तसं बोललं नाही. डिसेंबरात कागद आले. चाचांनी सही केली नाही, हिशोब मागितला आणि राजापूरला निघून गेले. मी सही केली. जानेवारीचा इंडेंट, म्हणजे मालाची मागणी, आधीच्या महिन्यापेक्षा मोठा होता.