टे नदीतली बाळंतीण

अंडी घालून रिकाम्या झालेल्या सामन माशाला इथे, स्कॉटलंडमधल्या टे नदीवर, 'केल्ट' म्हणतात. गळ टाकणारे सोडले तर हा शब्द नदीकाठच्या पर्थ शहरातही फारसा कुणाच्या तोंडी नसतो. मला तो शेजारच्या आजोबांकडून कळला. जानेवारीच्या थंडीत मांडीभर पाण्यात उभं राहून त्यांनी हातभर लांब, चकचकीत मासा जाळीत घेतला आणि पाण्याबाहेर न काढताच गळ सोडवला. मी काठावरून ओरडलो, "सोडताय कशाला?"

त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. पोट खपाटीला गेलेलं, शेपटीच्या कडा फाटलेल्या, गुदद्वार सुजून लाल. कल्ल्याचं झाकण बोटाने किंचित उचललं तर आत पांढरे बारीक किडे चिकटलेले. हे किडे गोड्या पाण्यात महिनोन्‌महिने काढलेल्या माशालाच लागतात. समुद्रातून ताज्या आलेल्या सामनच्या कल्ल्यात ते सहसा सापडत नाहीत. मग त्यांनी माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला दोन्ही हातांवर धरून ठेवलं. त्याच्या अंगात जोर येऊन तो स्वतःहून निसटेपर्यंत ते तसेच वाकून उभे होते. आपल्याकडे ओल्या बाळंतिणीला जपतात, तसं.

सामन नदीत शिरला की खाणं सोडतो. अंगातल्या चरबीवर महिनोन्‌महिने काढत वर चढतो, मादी शेपटीने खडीत खड्डा करून अंडी घालते. नर बहुतेक तिथेच मरतात. जगलेले मासे खंगलेल्या अंगाने खाली वाहत येतात आणि समुद्राच्या ओढीने पुन्हा चंदेरी होतात. नवखा माणूस फसतो तो इथेच. टेचा हंगाम १५ जानेवारीला उघडतो, नदीकाठच्या केनमोर गावी बॅगपाइप वाजतात, होडीवर व्हिस्की ओततात, आणि पहिल्या दिवसांत गळाला लागतो तो बऱ्याचदा केल्ट. तो ठेवणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. १ एप्रिलपूर्वी तर कुठलाच सामन ठेवता येत नाही, आणि रविवारी सामनसाठी गळच टाकायचा नाही.

त्या सकाळी नदीवर आम्ही दोघंच होतो. कुणी बघत नसताना सत्तरीतला माणूस बर्फासारख्या पाण्यात वाकून माशाला सावरतो, याचं मला अजून अप्रूप आहे.

पण एका ओळखीच्यांनी "तुमच्याकडे अंड्यांनी भरलेले मासे धरतात ना?" असं विचारलं, तेव्हा मला राग आला. हो, आमच्या कोकणात धरतात. मृगाचा पाऊस लागला, व्हाळ, म्हणजे ओढा, शेतात शिरला की वलगण येते, म्हणजे मासे अंडी घालायला वर चढतात, आणि अख्खा गाव बत्ती, कोयती, पाग (फेकायचं जाळं) घेऊन बाहेर पडतो. चढणीच्या माशाची तळलेली गाभोळी, म्हणजे अंडी, ज्याने खाल्ली नाही त्याने आम्हाला शिकवू नये. वर्षातून चार रात्री, घरटी एखादी टोपली.

यांचं तरी काय? जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी ७ ऑक्टोबर १९२२ ला याच टे नदीत ६४ पौंडांचा सामन धरला. गळाने धरलेल्या सामनचा ब्रिटनमधला तो विक्रम आजही अबाधित आहे. अंडी घालण्याचा हंगाम तोंडावर आला होता, पण तेव्हा कुणी तो सोडला नाही. पर्थच्या इस्पितळाला देऊन टाकला. पुढे धरणं झाली, समुद्र तापला, आणि २०२३ मध्ये ब्रिटनमधला सामन धोक्यात असलेल्या जातींच्या यादीत गेला. आजचे बरेच कडक नियम मासे आटल्यावर आलेत.

आपले व्हाळही वलगणीने आटलेले नाहीत. कोंडीत जिलेटिन फोडणाऱ्यांनी, विष टाकणाऱ्यांनी आणि नदी खरवडून वाळू नेणाऱ्यांनी ते आटवले. हे मी ठामपणे म्हणतो. तरीही एक गोष्ट मला नाकारता येत नाही: आजोबा अंडी घातलेला मासासुद्धा सोडतात, आम्ही अंडी घालायला निघालेलाच धरतो.

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलंय की यंदा चढणीचे पहिले दोन दिवस व्हाळ मोकळा ठेवूया. धाकट्या काकांनी उलट विचारलंय, दोन दिवसांत सगळं चढून गेलं आणि पुढे पावसाने ओढ दिली तर आम्ही काय खायचं? त्यांचा प्रश्न रास्त आहे. त्यावर मी एक दिवस म्हटलंय.