जॅक दुरुस्तीतून खाणीच्या छतापर्यंत: आमची वाटचाल

आमचा मूळ धंदा हायड्रॉलिक जॅक दुरुस्तीचा. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एक गाळा, दोन लेथ, एवढाच पसारा. सील बदलायला येणाऱ्या मालात मधोमध आरपार भोक असलेले जॅक असायचे, ते कोळसा खाणींचे. ते नेमके कशाला लागतात हे बघायला म्हणून भुयारी खाणीत उतरलो आणि दुरुस्ती मागे पडली.

खाणीचं छत रूफ बोल्टवर तोलून धरतात. छतात दीड-पावणेदोन मीटरचं भोक, त्यात सिमेंटच्या किंवा रेझिनच्या कॅप्सूल, वर 20-22 मिमीची सळई, खाली प्लेट आणि नट. तो बोल्ट दगडाला धरून बसलाय का, हे ओढून बघायचं, हे आमचं काम. बाहेर आलेल्या आट्यांवर पुलिंग रॉड चढवायचा, त्यावर जॅक, मग हातपंप मारत दर टनाला बोल्ट किती सरकला ते डायल गेजवर वाचायचं. गेज जॅकला टेकवून चालत नाही, जमिनीवर वेगळा खांब रोवून त्यावर धरावा लागतो. छत उंचसखल असलं की जॅक तिरका बसतो आणि आकडा मातीमोल होतो. त्यासाठी आम्ही अर्धगोल वॉशर बनवला. आमचा पहिला स्वतःचा माल तो!

सिमेंट कॅप्सूलच्या बोल्टने बसवल्यापासून अर्ध्या तासात 3 टन आणि दोन तासांत 5 टन पेललेच पाहिजेत, हा कोळसा खाणींतला रुळलेला निकष. पण माझं मत विचाराल तर ‘पास’ शब्दावर फार विसंबू नये. पूर्ण लांबीभर मसाला भरलेल्या बोल्टला खालून ओढलं की जोर खालच्या भागातच जिरतो. वरचा अर्धा पोकळ असला तरी बोल्ट हूं की चूं करत नाही. म्हणून रेझिनची खरी पकड बघायची तर मुद्दाम साधारण 300 मिमीच चिकटवलेला बोल्ट ओढतो.

कोणते बोल्ट ओढायचे हे ओव्हरमनसोबत, म्हणजे पाळीवर देखरेख करणाऱ्या खाणीच्या माणसासोबत, आम्ही ठरवतो, बोल्ट बसवणारा ठेकेदार नाही. पाणी झिरपणाऱ्या एका गॅलरीत (खाणीतल्या बोगद्यात) बोल्ट निकषाइतका भार येण्याआधीच सुटायला लागले, तेव्हा तिथल्या ठेकेदाराने ‘कोरड्या भागातले घ्या ना, साहेब’ म्हणून बराच आग्रह केला. अहवाल होता तसाच गेला. त्याचं पुढचं काम आम्हाला मिळालं नाही, आणि बिलाचा तगादा अजून चालूच आहे.

पुढे मँगनीज खाणींची कामं आली. तिथल्या केबल बोल्टला, म्हणजे सळईऐवजी पोलादी तारांचा दोर असलेल्या बोल्टला, आटे नसतात, पाचरीची पकड लागते, म्हणून जॅकचं तोंड नव्याने घडवलं. जॅक आणि गेज ठरावीक काळाने कॅलिब्रेशनला, म्हणजे आकडे बरोबर दाखवतात का हे तपासायला, जातात. तो खर्च जिवावर येतो, पण त्याशिवाय कागदाला किंमत नाही.

सध्या गाळ्यामागे काँक्रीटचा मोठा ठोकळा ओतून त्यात बोल्ट गाडलेत. नवीन पोरं आधी तिथे हात बसवतात, मग खाली जातात.