सहा मिलीमीटरपायी तीन दिवस

गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॉलीची चाकं खोलून बघायची, हे आमचं दरवर्षीचं काम. यंदा एका बेअरिंगपायी ट्रॉली तीन दिवस ठोकळ्यांवर उभी राहिली. राग अजून उतरलेला नाही.

डावं चाक उचलून वर-खाली हलवलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला, फिरवल्यावर खरखर. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, काढून डिझेलनं धुतला. आतल्या बेअरिंगचे रोलर निळे पडले होते, म्हणजे तापून गेलेलं. कोनच्या, म्हणजे बेअरिंगच्या आतल्या कड्याच्या, कडेवर नंबर होता 32212. तो कागदावर लिहूनच दुकानात दिला.

घरी येऊन नवा कप, म्हणजे बेअरिंगचं बाहेरचं कडं, हबमध्ये ठोकला, तळहातावर ग्रीस घेऊन रोलरांच्या फटीत दाबून भरलं, हब चढवला. नट आवळला तर तो नेहमीपेक्षा आत गेला. नट अडकवणाऱ्या पिनचं भोक नटाच्या खाचांच्या पार बाहेर! तासभर वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. दोनदा खोलून बसवलं. शेवटी डबी नीट बघितली. नंबर 30212.

दोन्हींचा बोअर, म्हणजे आतलं भोक, 60 मिलीमीटर, बाहेरचा व्यास 110. म्हणून तर निमूट बसलं. पण रुंदी जुन्याची 29.75 मिलीमीटर, नव्याची 23.75.

दुकानदार म्हणाला, "ग्रीस लागलंय, परत घेणार नाही. चालतंय की ओ, मागं दोन वायसर टाका." भरल्या ट्रॉलीचं चाक वायसरच्या भरवशावर सोडायचं? मागं ऊस घेऊन घाट उतरणारी माणसं असतात. मी ऐकलं नाही. पैसे गेले, दुसऱ्या गावाहून बरोबर नंबर आणला, ठोकलेला कप पितळी गजानं परत काढला. तेव्हा डबी दुकानातच फोडा, कोनवरचा नंबर स्वतः वाचा, जुनं बेअरिंग शेजारी धरून बघा.

नट आवळताना हब फिरवत राहायचं, मग थोडा मागे घेऊन पिन घालायची. गच्च ठेवलात तर पुन्हा निळं. आणि हो, ऑइल सील जुनं लावू नका. पाणी-माती तिथूनच शिरते. जुनं ग्रीस पुसून काढा, त्यावरच नवं थापू नका.

पहिल्या खेपेला कारखान्याच्या रांगेत उतरून हबवर हात ठेवला. कोमट होता. उजवा तेवढाच.