आमची वाटचाल : लाल शिक्क्यापासून लॉगिनपर्यंत

आमच्या भोसरीच्या गाळ्यात टेबलाच्या खणात अजून एक लाल शिक्का आहे, 'कंट्रोल्ड कॉपी'चा, म्हणजे हीच चालू, अधिकृत प्रत असं सांगणारा. शेवटचं अक्षर झिजलंय. नवीन मुलं हसतात, पण त्या शिक्क्याने आमची दोन घरं चालवली.

१९९८ साली मी क्वालिटीतली नोकरी सोडली आणि मेहुण्याला घेऊन कारखान्यांना कामाच्या सूचना लिहून द्यायचा हा धंदा सुरू केला. तेव्हा सगळा पट्टा आयएसओ ९००१ या क्वालिटीच्या मानकाच्या मागे लागला होता. १९९४ च्या आवृत्तीतली २० कलमं, त्यांच्या खाली प्रोसिजर, त्यांच्या खाली वर्क इन्स्ट्रक्शन, म्हणजे एकेका कामाच्या सूचना. कारखानदाराला सर्टिफिकेट हवं असायचं, लिहायला मात्र कुणी नको असायचं. मी मशीनशेजारी स्टूल टाकून बसायचो आणि ऑपरेटर नेमकं काय करतो ते लिहून घ्यायचो. मेहुणा ड्राफ्ट्समन होता. हाताने असं स्केच काढायचा की मशीनवर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, कुठल्या बाजूने लावायचा ते निरक्षर माणसालाही कळावं. रात्री टायपिंग, सकाळी लॅमिनेशन. लॅमिनेशनचं मशीन तापायला दहा मिनिटं घ्यायचं आणि घाई केली की पानात बुडबुडा धरायचा. बुडबुडा नेमका टॉर्कच्या, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्या आकड्यावर आला की पान परत.

२००० ची आवृत्ती आली आणि सक्तीच्या लेखी प्रोसिजर सहावर आल्या. निम्मी गिऱ्हाइकं म्हणाली, आता तुमचं काय काम? मेहुणा घाबरला, २००३ मध्ये नोकरी धरून गेला. मी त्याला दोष देत नाही. (थोडा देतो.) पुढची बारा-तेरा वर्षं बरी गेली, दोनाचे अकरा झालो.

आता २०१७ सांगतो.

चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं काम आमच्याकडे होतं. आमच्या धंद्याचा निम्म्याहून जास्त भाग तेवढ्या एकाच दारातून यायचा. हे चूक होतं, मला कळत होतं, पण दर महिन्याला काम येत असलं की कोण सुधारतो? गाड्यांचे भाग बनवणाऱ्यांचं टीएस हे क्वालिटीचं मानक जाऊन त्याच्या जागी आयएटीएफ १६९४९ आलं होतं. जुनी सर्टिफिकेटं १४ सप्टेंबर २०१८ नंतर चालणार नव्हती, म्हणजे आमच्यासाठी सुगीच. आणि नेमकं त्याच वेळी एक मोठी सॉफ्टवेअर कंपनी चाकणवाल्यांच्या कॉन्फरन्स रूममध्ये येऊन डेमो देऊन गेली.

डेमो मीही पाहिला, मागच्या खुर्चीवर बसून. मानलं पाहिजे, देखणा होता. माणूस स्क्रीनवर काम करतो आणि पायरीपायरीचं पान आपोआप तयार होतं, वर ट्रेनिंगची क्विझसुद्धा. परचेस ऑर्डर भरायची पद्धत लिहायला ते उत्तमच होतं. मी एकच विचारलं, "साहेब, गिअरबॉक्सच्या लाइनवर स्क्रीन कुठे आहे?" सगळे हसले. तीन वर्षांचा करार झाला. चाकणवाल्यांनी आमच्याकडून सगळ्या फाइल्स मागून घेतल्या आणि आमची शेवटची दोन बिलं अडकवली. कायदा म्हणतो, लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्या. मला अकरा महिने लागले. कोणाशी भांडणार? उद्या त्याच दारात उभं राहायचं असतं.

अकरातली सहा माणसं कमी केली. बायकोच्या बांगड्या बँकेत गेल्या. त्या दिवसांत भोसरीच्याच एका फोर्जिंगवाल्या शेठनी आम्हाला जगवलं. त्यांचं काम वर्षाला चाळीस-पन्नास पानांचं. पण त्या दिवाळीआधी त्यांनी मला बोलावून पुढच्या वर्षाचे पैसे आधीच हातात ठेवले आणि म्हणाले, "हॅमरवर काय लिहायचं ते पुढच्या वर्षी बघू, चहा घ्या." हॅमरचा दणका बसला की त्यांच्या केबिनमधल्या बशीतला कप वाजतो. तो आवाज ऐकला की मला अजून बरं वाटतं.

इकडे चाकणला काय झालं ते नंतर सुपरवायझरकडून कळलं. आमच्या जुन्या फाइल्समधलं मराठी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधलं. नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर त्याची नुसती गिचमिड झाली. मग त्यांनी इंग्रजीवरून मशीनने मराठी करून घेतलं. टॉर्क रेंचचा 'क्लिक' आवाज येईपर्यंत ओढा, असं आम्ही लिहिलं होतं. तिथे उमटलं, 'टॉर्क रेंचवर क्लिक करा'. तिसऱ्या पाळीतला पोरगा रेंच हातात घेऊन विचारतोय, कुठं क्लिक करू? शिवाय लायसन्स माणशी. कंत्राटी कामगार दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याला ना ईमेल ना पासवर्ड. मग एकाच लॉगिनवर सगळी शिफ्ट 'ट्रेनिंग पूर्ण' झाली. स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं काम येतं त्याचा तक्ता, हिरवीगार. एकाच मिनिटात १४ जणांनी क्विझ पास केलेली.

ऑडिटर आला तो सरळ लाइनवर गेला. आयएटीएफच्या ८.५.१.२ मध्ये साफ लिहिलंय की सूचना वाचता येईल अशी, काम करणाऱ्याला समजेल त्या भाषेत आणि कामाच्या जागी हाताशी पाहिजे. त्याने ऑपरेटरला सांगितलं, चालू रिव्हिजन, म्हणजे सूचनेची ताजी आवृत्ती, दाखव. टॅब्लेट चार्जिंगला सुपरवायझरच्या कपाटात, कपाटाची किल्ली पहिल्या पाळीच्या खिशात. एनसी, म्हणजे मानक पाळलं नाही असा शेरा, बसली.

गुरुवारचा दिवस होता, सुट्टीचा. दुपारी चाकणहून फोन आला, "या जरा." त्या वाईट दिवसांतले आमचे पडेल दर मी अजून विसरलो नाही. त्यांनीही विसरू दिले नाहीत, त्याच भावात कामाला लावलं. दोन आठवड्यांत साठ स्टेशनची पानं मराठीत आणि हिंदीत, युनिकोडमध्ये, फोटोसकट.

तेव्हापासून आमचा अर्धा धंदा बदलला. आता आम्ही पानं लिहितोच, पण मोठ्या कंपन्यांना सॉफ्टवेअर निवडायलाही मदत करतो. कमिशन कुणाकडून घेत नाही, म्हणून विक्रेते आमच्यावर नाराज असतात. कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. डेमो त्यांच्या नमुन्यावर बघू नका. तुमचं सगळ्यात वाकडं पान द्या, ज्यात तक्ता आहे, फोटो आहे, जोडाक्षरं आहेत, आणि म्हणा, हे आमच्यासमोर चढवा. मग एक पायरी बदला आणि बघा, जुनी रिव्हिजन लाइनवरून किती वेळात उतरते आणि ज्यांनी जुनी शिकली त्यांना पुन्हा ट्रेनिंगला बोलावतं का. डॉक्युमेंट एका सॉफ्टवेअरमध्ये आणि ट्रेनिंग दुसऱ्यात असेल तर त्या दोघांमधला धागा कोण ओवणार, हे सही करायच्या आधी विचारा. औषध कंपनी असाल आणि माल अमेरिकेला जात असेल तर इलेक्ट्रॉनिक सहीचा तिथला नियम, पार्ट ११, आहेच, तिथे ऑडिट ट्रेल, म्हणजे कुणी, कधी, काय बदललं त्याची नोंद, बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि करार संपल्यावर सॉफ्टवेअरमधली तुमची पानं बाहेर कशी काढणार? 'पीडीएफ देऊ' म्हणाले तर समजा, तो दरवाजा आत उघडतो, बाहेर नाही. ट्रेनिंगचे कोर्स फ्लॅशमध्ये बनवून घेतलेल्यांची २०२० च्या शेवटी, फ्लॅश बंद झाल्यावर, काय धांदल उडाली ती मी पाहिली आहे. कोर्स स्कॉर्म या ठरलेल्या साच्यात मागा, निदान दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतं.

निवडीच्या बैठकीला रात्रपाळीचा एक ऑपरेटर बसवा म्हटलं की एचआरवाले माझ्याकडे बघतात. मी तरी दर वेळी म्हणतो.

चाकणला ते सॉफ्टवेअर ऑफिसच्या कामाला अजून आहे, आणि तिथे ते चांगलं चालतं. आमचं नाव मात्र कुठेच नाही. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात त्या सॉफ्टवेअरवाल्यांचं चकचकीत माहितीपत्रक हाती आलं. मधल्या पानावर यशोगाथा, आणि मोठ्ठा फोटो : टॉर्क रेंच धरलेला हात. हात माझ्या मेहुण्याचा. २००१ साली मीच काढलेला फोटो, आमच्या बाद झालेल्या कागदांच्या फोल्डरमधला. बोटात अंगठी आहे, लाइनवर न चालणारी, म्हणून तर तो आम्ही बाद केला होता.