सोन्याच्या नॅनोकणांनी पाण्यातलं शिसं शोधताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी मी पाण्यातलं शिसं रंगावरून ओळखण्याची पद्धत बसवली. साधारण १३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण पाण्यात सुटे असले की द्रावण लाल दिसतं. चिकटून गुठळ्या झाल्या की जांभळट-निळं. कणांवर ग्लुटाथायोन या शिशाला धरणाऱ्या रेणूचा थर दिला, की शिशाचे आयन (विद्युतभारित अणू) शेजारशेजारच्या कणांना बांधून ठेवतात आणि रंग निळ्याकडे झुकतो.

कण बनवणं हा यातला सगळ्यात सुंदर भाग. भांडी आधी अम्लराजाने (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवायची. क्लोरोऑरिक आम्ल, म्हणजे ज्यातून कण बनतात ते सोन्याचं संयुग, घ्यायला प्लास्टिकचा चमचा, कारण धातूच्या चमच्यावरच सोनं उतरू लागतं. उकळत्या पिवळसर द्रावणात सोडियम सायट्रेट एकदम ओतलं की पिवळेपणा जातो आणि फ्लास्कात नुसतं पाणी उरल्यासारखं वाटतं. मग करडं, काळपट जांभळं, आणि काही मिनिटांत वाइनसारखं लाल! टर्केविच आणि सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये मांडलेली ही रीत आजही तितकीच भरवशाची आहे. कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ५२० नॅनोमीटरच्या आसपास, सुट्या लाल कणांचं शिखर दिसलं, तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

डिस्टिल्ड वॉटरमध्ये सगळं सुरळीत चाललं. खरी परीक्षा घेतली बोअरच्या पाण्याने. ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनमध्ये, म्हणजे धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राच्या चाचणीत, शिसं न सापडलेलं पाणीही कणांना निळं करायचं. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं प्रतिकर्षण कमी करतात, मग शिशाची गरजच उरत नाही. गाईड मॅडम म्हणाल्या, "रंग बदलला एवढ्यावर जाऊ नकोस. कशामुळे बदलला ते दाखव."

पाणी पातळ करून पाहिलं; क्षारांचा त्रास कमी होतो, पण शिसंही पातळ होतं. शेवटी त्याच पाण्याचे भाग करून त्यांत शिशाचं ठरलेलं, वाढतं प्रमाण घालायचं आणि ६५० (गुठळ्या झालेले कण) व ५२० (सुटे कण) नॅनोमीटरवरच्या शोषणाचं गुणोत्तर मांडायचं, हे कामी आलं. वेळखाऊ आहे, पण त्या आलेखावर मला विश्वास ठेवता येतो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एवढ्या कमी प्रमाणात माझ्या द्रावणाचा रंग नुसत्या डोळ्यांना बदललेला दिसत नाही. म्हणून द्रावण लाल राहिलं तरी पाणी निर्धोक आहे, असं मी कुणालाच सांगत नाही. निळे आलेले नमुने तर ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनला जातातच, लाल राहिलेल्यांपैकीही काही मी मुद्दाम पाठवते.